राजाचें कुबड आणि नगराचें मौन

शेक्सपियरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकांतील राजा रंगभूमीवर आला, कीं प्रेक्षकांची दृष्टि प्रथम त्याच्या कुबडाकडे जाते. चार शतकें मोठमोठे नट या भूमिकेवर आपलें कौशल्य पणाला लावीत आले. परंतु हा राजा दुष्ट किती, यापेक्षां असा दुष्ट राजा झाला कसा, हाच प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

इ. स. १७०० च्या सुमारास कॉली सिबर या नटानें मूळ नाटकाची काटछाट करून स्वतःची आवृत्ति तयार केली. हेस्टिंग्ज, क्लॅरेन्स, राणी मार्गारेट हीं पात्रें तींतून गेलीं. रिचर्ड तेवढा मोठा झाला. गॅरिकनें १७४१ सालीं व कीननें १८१४ सालीं लंडन जिंकलें, तें याच आवृत्तीच्या बळावर. आयर्विंगनें १८७७ सालीं शेक्सपियरचे शब्द पुनः पुढें आणले. १९५५ च्या चित्रपटांत ऑलिव्हिए थेट प्रेक्षकांशीं बोलून त्यांस आपल्या कटांत ओढतो. अँटनी शेरनें १९८४ सालीं दोन कुबड्यांवर जाळें विणणाऱ्या कोळ्याची चपळाई दाखविली. तर इयान मॅकेलननें १९९५ च्या चित्रपटांत त्याच राजाला हुकूमशहाचा गणवेष चढविला.

पुढें २०१२ सालीं लेस्टर येथें खऱ्या रिचर्डचा सांगाडा सांपडला. कणा बाजूस वळलेला होता. वाळलेल्या हाताची मात्र खूण नव्हती. २०२२ सालीं रॉयल शेक्सपियर कंपनीनें ही भूमिका स्वतः अपंग असलेल्या आर्थर ह्यूज या नटास दिली. शरीराचें व्यंग हाच मनाच्या पापाचा पुरावा, ही समजूत आतां फेटाळलीच पाहिजे.

मग पुरावा कोठें शोधावा? आमच्यासारख्या वकिलास तो तिसऱ्या अंकांतील एका लहानशा प्रवेशांत सांपडतो. हेस्टिंग्जचें शिर उडविल्यावर एक लेखनिक त्याच्यावरील आरोपपत्राची सुवाच्य नक्कल घेऊन येतो. नकलेस अकरा तास लागले. मूळ मसुद्यासही जवळजवळ तितकेच. आणि पांच तासांपूर्वीं तर हेस्टिंग्ज मोकळा होता, त्याच्यावर कसलाही आरोप नव्हता! हें कपट लेखनिकास स्पष्ट दिसतें. पण तें उघड बोलण्याचें धैर्य त्याला होत नाहीं. पुढच्याच प्रवेशांत नागरिक मुकाट राहिल्याची वार्ता येते. रिचर्ड दोन धर्मगुरूंमध्यें प्रार्थनापुस्तक घेऊन उभा राहतो, आणि महापौर त्याला राज्य स्वीकारण्याची विनंती करतो.

कोणी म्हणेल, नाटक पाहावयास जाणाऱ्यानें आरोपपत्रें कशाला तपासावीं? आमचें उत्तर असें, कीं रिचर्डला केवळ राक्षस करणारा नट आपणांस निश्चिंत मनानें घरीं पाठवितो; राक्षस दुसऱ्याच्या घरचा असतो! परंतु ज्या प्रयोगांत त्या लेखनिकास पुरता अवकाश मिळतो, तेथून प्रेक्षक अस्वस्थ होऊन परततो. कारण राजा होण्याचा प्रसंग आपणांपैकीं कोणावरही येणार नाहीं. खोटा कागद हातीं येण्याचा प्रसंग मात्र वकील, कारकून, व्यापारी या सर्वांवर येतो. त्या वेळीं आपण काय करणार, याचें उत्तर रिचर्डच्या कुबडांत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच द्यावयाचें आहे.