देव नाही, मग पुढे?

आमच्या कॉलेजात दरवर्षी वादविवादाची स्पर्धा होते आणि परीक्षकाच्या खुर्चीवर बहुधा माझी नेमणूक होते. मराठी शिकवणाऱ्याला दुसरे काही काम नसते, असा एक समज सर्वत्र आहे. यंदाचा विषय होता, 'नास्तिकाने मानवतावादी असलेच पाहिजे काय?' मुले बिचकतील असे मला वाटले होते. पण गडहिंग्लजच्या मुलांना फुटबॉलची सवय. चेंडू कुठूनही आला तरी ती अडवतात.

पहिला नंबर ज्याला मिळाला त्याने 'नाही' अशी बाजू घेतली होती. देव नाही, हा एक निष्कर्ष आहे, असे तो म्हणाला. पृथ्वी गोल आहे हे कळल्याने माणूस दयाळू होत नाही, तसा देव नाही हे कळल्यानेही होत नाही. दाखला म्हणून त्याने थेट रशिया गाठला. १९३१ साली मॉस्कोतले ख्रिस्ताचे भव्य मंदिर सुरुंग लावून पाडले गेले. पाडणाऱ्यांनी देवाला हद्दपार केले, आणि त्याच राजवटीने पुढे माणसांनाही सोडले नाही. उलट जोतिराव फुले निर्मिक मानीत, शाहू महाराजही काही नास्तिक नव्हते. त्यांच्या माणुसकीला कुठे काय कमी पडले? प्रतिपक्षाच्या मुलीने आगरकरांचे नाव घेतले. जिवंतपणी ज्यांची पुण्यात प्रेतयात्रा निघाली, तरी जे लोकांच्याच हितासाठी 'सुधारक' चालवीत राहिले, त्यांच्याबद्दल ती फार जीव ओतून बोलली. पण थोर माणसाचे नाव म्हणजे युक्तिवाद नव्हे. मी तिचे दोन गुण कापले आणि न्याय केल्याच्या समाधानात घरी निघालो.

ते समाधान वाटेतच ओसरले, कारण मला आमच्या दारात येणारी जोगतीण आठवली.

लहानपणापासून आम्ही तिला मावशी म्हणत असू. मंगळवारी, शुक्रवारी ती येई. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, आणि पाठीवर दोरखंडासारखी जट. आई सुपातून जोंधळे आणून परडीत घाली, मावशी आमच्या कपाळाला भंडारा लावी. सौंदत्तीचा डोंगर आमच्यापासून काही फार दूर नाही, आणि या सीमाभागात यल्लमाला सोडलेल्या मुली किती घरांतून गेल्या हे जुन्या गडहिंग्लजकरांना सांगायला नको.

एम. ए. ला असताना मी नुकता आगरकर वाचून सुट्टीला आलो होतो. वाचलेले अंगात भिनायच्या आधी तोंडात येण्याचे ते वय. मावशी दारात आली तेव्हा मी तिला पायरीवर बसवून अर्धा तास व्याख्यान दिले. देवी म्हणजे दगड, जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता, आणि तुम्हाला फसवले आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आजही त्यांतले अक्षर मी मागे घेणार नाही. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आसंल, बाळ. न्हाई म्हंतासा तर नसंल. पर उद्या जोंधळं कुनाच्या नावानं मागू?"

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर उत्तर द्यायचे असते हेच तेव्हा मला ठाऊक नव्हते. पुढच्या शुक्रवारी ती आमचे घर सोडून पुढे गेली. आईने काढून ठेवलेले जोंधळे संध्याकाळी परत डब्यात ओतले. मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता त्या मुलाच्या युक्तिवादाकडे. तर्कशास्त्रात तो बरोबरच आहे. पण आमच्या मुलखात देव ही नुसती कल्पना नसते. कुणाची तरी ती भाकरीही असते. ज्या देवीच्या नावाने पोरीचे आयुष्य हिरावले, तिच्याच नावाने म्हातारपणी तिला मूठभर धान्य मिळते. हा व्यवहार घाणेरडा आहे, मोडलाच पाहिजे. पण मोडणाऱ्याने त्या मुठीची सोय आधी पाहावी, एवढे देणे त्याच्या अंगावर येते. 'देव नाही' एवढे म्हणून जो उठून जातो, तो खोटे बोलत नाही, फक्त देणे बुडवतो.

हे ज्यांना कळले होते ते आमच्याच गावात होते. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. डॉ. बाबा आढाव तीत होते, आणि आमच्या गावचे प्रा. विठ्ठल बन्ने यांनी तर पुढे हे काम जन्मभराचे केले. मागण्या काय होत्या? मानधन, घर, मुलांचे शिक्षण. कार्यकर्त्यांपैकी कोण देव मानत होते आणि कोण नव्हते, याची चौकशी कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्याही आधी, १९२० साली, शाहू महाराजांनी जोगतिणींविषयी कायदा केला त्यात वारसाहक्काची बाब होती. देवीवर वाद घालण्याऐवजी महाराजांनी बापाच्या जमिनीकडे बोट दाखवले. महाराष्ट्र राज्याचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा व्हायला २००५ साल उजाडले.

मावशी मला पुन्हा दिसली ती त्यानंतर काही वर्षांनी, एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात. मी ओळखलेच नाही, कारण जट नव्हती. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. जट काढायला आलेल्या बायका तेल आणि कात्री घेऊन सारी दुपार तिच्यापाशी बसल्या होत्या, आणि नंतरही चार-सहा वेळा, देवी कोपली का म्हणून नव्हे, तर ताप-बीप आला का हे विचारायला येऊन गेल्या होत्या. गळ्यातली माळ मात्र होती. मी त्या माळेकडे पाहतो आहे हे तिने पाहिले आणि मी काही बोलायच्या आत हातातला मानधनाचा कागद माझ्यापुढे केला. "मास्तर झालासा न्हवं? भरा."

तिच्या पायाशी व्हरांड्यात बसून मी कागद भरू लागलो. नाव झाले, गाव झाले. वयाला दाखला नव्हता. शाळा तिने पाहिलीच नव्हती, आणि आतल्या कारकुनाने त्यासाठी तिला दोनदा परत पाठवले होते. मी विचारले, "मावशी, अंदाजे तरी सांगा, देवीला सोडले तेव्हा केवढ्या होता?"

तिने जिभेने पुढचा दात चाचपला. "ह्यो दुदाचा दात तवा पडल्याला. सौंदत्तीच्या वाटंवर हातात घिऊन गेल्ती."