पाच दिवस बर्फ हवाय कोणाला?



सहलीसाठी महागडाच आईस बॉक्स घ्यावा, असे सांगणारे गेल्या अंकातील पत्र वाचले. अशा पेटीत बर्फ चार-पाच दिवस टिकतो, हे खरेच. पण जालन्याहून वेरूळ-अजिंठ्याला गेलेले कुटुंब रात्री घरी परततेच की! उरलेले दिवस त्या बर्फाचे करायचे काय?

या पेट्यांच्या ज्या 'रोटोमोल्डिंग'चे एवढे कौतुक झाले, त्याच पद्धतीने आपल्या गच्चीवरची काळी टाकीही बनते. खरे काम आतला पॉलियुरेथेन फोम करतो. तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलपेक्षा तो साधारण दीडपट सरस. किंमत मात्र कितीतरी पट. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता शोषतो. पेटी कितीची घेतली, हे बर्फ विचारत नाही. त्यापेक्षा सामान आदल्या रात्री फ्रीजमध्ये गार करावे, चुऱ्याऐवजी लादी घ्यावी, पेटी गच्च भरावी आणि झाकण सारखे उघडू नये. (हे शेवटचे पोरांना कोण सांगणार?) पल्स पोलिओच्या दिवशी आरोग्यसेविकांच्या खांद्याला असते ती लसपेटीही साधीच: फोमची भिंत, चार आईस पॅक, घट्ट झाकण.

मासळी विकणाऱ्याने किंवा दोन-तीन मुक्काम रानात करणाऱ्याने महागडी पेटी जरूर घ्यावी. बाकीच्यांनी ती भाड्याने मिळते का, ते आधी पाहावे.

– एक वाचक, नवीन जालना