जाड अक्षरांचा सोस

भडगांवच्या बाजारपेठेंतून एक फेरी मारावी आणि पाट्या वाचाव्या. किराणा, बी-बियाणें, सोनार, वकील, शिकवणीचे वर्ग, सर्वांचीं अक्षरें सारखींच फुगलेलीं! घरीं यावें तों टेबलावर लग्नपत्रिका; तिच्यांतहि गणपतीच्या नांवापासून चिमुकल्यांच्या आग्रहापर्यंत सारा मजकूर तितकाच जाड. अशा एका पत्रिकेंतलें 'वाघ' हें आडनांव आमच्या घरच्या वृद्ध आत्याबाईंनीं 'बाध' असें वाचलें, आणि सर्वांनीं दोष त्यांच्या चष्म्याला दिला. आमच्या मतें चष्मा निर्दोष होता.

जाड अक्षर ही मोठी कामाची वस्तु आहे. परंतु तें मुळांतच जाड म्हणून रेखाटलेलें असावें लागतें. देवनागरीचें वळण बोरूच्या तिरप्या टोंकानें ठरविलें आहे. एका अंगाची तिरपी रेघ भरदार, दुसऱ्या अंगाची बारीक. आणि इंग्रजी लेखणीची जाडी पडते ती नेमकी याच्या उलट अंगाला. राणोजी रावजी आरू यांनीं जावजी दादाजींसाठीं जे ठसे कोरले, त्यांत हें बोरूचें वळण धातूंत उतरलें. १८६९ सालीं निघालेल्या त्या निर्णयसागर छापखान्याचीं जुनीं पुस्तकें उघडून पाहावींत. अक्षर काळेंभोर, तरी त्याचें पोट मोकळें.

आतां संगणकाचें बटण दाबलें कीं झालें! टाइपाला स्वतःचें जाड रूप नसेल तर यंत्र त्याची कड चोहोंकडून सारखी सुजवितें. 'व' आणि 'ब' यांत फरक पोटांतल्या एका रेघेचा, 'प' आणि 'ष' यांतहि तसाच, 'घ' आणि 'ध' यांत केवळ डोक्यावरच्या वळणाचा. पोट बुजलें कीं हा फरक गेला. शिवाय वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालीं उकार. एवढा संसार रोमन अक्षराला नाहीं.

इंग्रजांकडून घ्यावयाचेंच तर त्यांचा विवेक घ्यावा. १८४५ सालीं लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेनें, रॉबर्ट बेझली यांच्या काळांत, 'क्लॅरेंडन' नांवाचा जाड टाइप काढला तो साध्या मजकुराच्या सोबतीला. कोशांतला मूळ शब्द चटकन् डोळ्यांत भरावा, हें त्याचें काम. (जाहिरातवाल्यांनीं तिकडेहि धिंगाणा घातलाच, तो भाग निराळा.)

कोणी म्हणेल, दुरून दिसावयास जाड अक्षरच हवें. हवेंच! एस. टी. च्या कपाळावरचें 'भडगांव', दवाखान्याची पाटी, धड्याचें नांव, येथें तें शोभतें. पण दुरून काळा डाग दिसणें निराळें आणि अक्षर ओळखूं येणें निराळें. २०२२ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन पाटीवरील मराठी अक्षरें इतर भाषेच्या अक्षरांहून लहान नसावींत असें ठरलें, हें उत्तम झालें. मात्र कायदा आकार मोजतो, वळण मोजीत नाहीं. आणि आमचा पाटीवाला मापांत चोख उतरून अक्षराचा जीव घेतो.

पत्रिका छापावयास देतांना यजमानांनीं मुद्रकाला एवढेंच विचारावें, या टाइपाला स्वतःचें जाड रूप आहे काय? नसेल तर साधें अक्षर घ्यावें, वधूवरांचीं नांवें आकारानें मोठीं करावींत, आणि छापण्यापूर्वीं कच्चा कागद घरांतल्या एखाद्या आत्याबाईंकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा.