शेजारी बोलतो काय, करतो काय?

वाचकहो, डिसेंबर २००८ मध्ये चिनी सैन्याची एक तुकडी आपल्या बेळगावात मुक्कामाला आली होती, हे अनेकांना आठवत असेल. मुंबईवरच्या हल्ल्याच्या जखमा ताज्या होत्या. मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या जवानांबरोबर त्यांनी दहशतवादविरोधी सराव केला. सरावाचे नाव होते 'हँड इन हँड', म्हणजे हातात हात!

त्या काळी चीनची भाषाही मवाळ होती. 'शांततापूर्ण उदय' हे शब्द शेजाऱ्यांना टोचतील म्हणून २००४ पासून 'शांततापूर्ण विकास' म्हटले जाऊ लागले. सप्टेंबर २०१५ मध्ये बीजिंगच्या संचलनात अध्यक्ष शी जिनपिंग यांनी तीन लाख सैन्यकपात जाहीर केली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये ते म्हणाले की, दक्षिण चीन समुद्रातील स्प्रॅटली बेटांवर लष्करीकरणाचा इरादा नाही.

पुढे काय झाले? सैन्य खरेच कमी झाले, पण बळ पायदळाकडून आरमार आणि क्षेपणास्त्रांकडे वळले. त्या बेटांवरही क्षेपणास्त्रे जाऊन बसली. २०१७ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला परदेशातला पहिला तळ उघडला. २०२५ मध्ये तिसरी विमानवाहू नौका आरमारात आली. मधल्या काळात, १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात एकही गोळी न सुटता आपले २० जवान धारातीर्थी पडले. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, ते हेच.

पण आपल्या तोंडाचे काय? गलवाननंतर गल्लोगल्ली 'चिनी माल नको'च्या घोषणा झाल्या. सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. सुरतेच्या कापडधंद्यावर अनेकांची चूल पेटते, आणि त्या धंद्यातली भरतकामाची यंत्रे बहुतेक चीनहून आलेली. घोषणा देणाऱ्याचे काही जात नाही. यंत्र बंद पडले तर कारागिराचा रोज बुडतो. तसे यंत्र इथे तयार होईल, तेव्हाच बहिष्काराला अर्थ येईल.

आपल्या सीमाभागात सैन्यात मुलगा, भाऊ, जावई असलेली घरे पुष्कळ आहेत. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच सैनिक टाकळी! अशा घरांना वीरश्रीची भाषणे परवडत नाहीत. म्हणून मुलांबरोबर बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत: नेता काय बोलला? पैसा कुठे खर्च झाला? सैन्य कुठे हलले? तिन्ही उत्तरे जुळली तर विश्वास ठेवावा. नाही तर शेवटची दोन खरी मानावीत.

आणि आपण बोलताना घरातल्या आजीची कन्नड म्हण ध्यानात ठेवावी: 'मातु आडिदरे होयितु, मुत्तु ओडेदरे होयितु.' बोललेला शब्द आणि फुटलेला मोती, दोन्ही परत मिळत नाहीत.