तीन-चार मिलिमीटरची नक्षी

जुन्या घराची लादी मळकट दिसायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो : ॲसिड मारा. शेजारी तेच सांगतात, हार्डवेअरवाला न विचारता बाटली पुढे करतो आणि पॉलिशवाला तर ‘एकदम चकाचक करून देतो’ म्हणत मशीन घेऊनच दारात हजर होतो. पार्ल्याला माझ्या मावसबहिणीच्या सासरच्या बंगल्यात यंदा हेच चाललं होतं. घर १९३०च्या दशकातलं. हॉलमध्ये आठ इंची नक्षीच्या लाद्या, लाल-पिवळ्या-काळ्या, आणि भिंतीच्या कडेकडेने वेलबुट्टीचा पट्टा. ‘जुन्या घरांवर एवढं लिहितेस, मग ये नि त्या पॉलिशवाल्याशी तूच बोल,’ असं ताईचं फर्मान आलं.

गेल्या गेल्या मी लिंबू मागितलं. ताईला वाटलं, सरबत हवंय. कपाटाखालच्या, कुणाला दिसणार नाही अशा लादीवर एक थेंब टाकला. डोळे जवळ नेले तर बारीक फेस दिसला. म्हणजे लादी सिमेंटची. भाजलेल्या मातीच्या लादीवर लिंबू नुसतं पडून राहिलं असतं. जे एका थेंबाने होतं, ते बाटलीभर ॲसिडने किती होईल, हे मग ताईला वेगळं सांगावं लागलं नाही. थेंब लगेच ओल्या फडक्याने पुसून टाकला, हेही सांगते. नाहीतर लोक घरभर लिंबं पिळत बसतील.

आपल्याकडे या दोन्ही लाद्या सर्रास एकच समजल्या जातात. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये किंवा भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जी जमीन आहे, ती इंग्लंडहून आलेल्या, भट्टीत भाजलेल्या टाइल्सची. मिंटनच्या टाइल्स म्हणतात त्या याच घराण्यातल्या. घराघरांत आली ती सिमेंटची. १९२२मध्ये फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या भरात भारत टाइल्स सुरू केली, त्यानंतर तर फारच. ही लादी भट्टी पाहतच नाही. धातूच्या साच्यात नक्षीची जाळी बसवायची, एकेका खणात पळीने रंगीत सिमेंटचं पातळ मिश्रण ओतायचं, जाळी अलगद उचलायची, वर कोरडं वाळू-सिमेंट भुरभुरायचं आणि दाबयंत्राखाली दाबायचं. मग लादी पाण्यात मुरवत ठेवायची. सगळा रंग वरच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये. खाली नुसतं करडं सिमेंट.

पॉलिशवाल्याशी भांडण झालं ते यावरूनच. त्याच्या मशीनचे दगड असतात मोझेकसाठी. मोझेकमधली खडी खोलवर गेलेली असते, ती घासली तरी खाली खडीच निघते. नक्षीच्या लादीवर तेच दगड फिरवले की वेलीची पानं झिजतात, आणि आणखी दोन-तीन पिढ्यांनी पॉलिश केलं तर करड्या सिमेंटवर येऊन थांबावं लागेल. ‘बाकी सगळीकडे हेच करतो,’ तो म्हणाला. करत असणारच. त्याला चहा पाजून परत पाठवला.

खरं काम अगदीच रटाळ निघालं. वर्षानुवर्षं चढवलेल्या मेणाचा काळा थर, रंगाऱ्यांनी सांडलेले ऑइलपेंटचे ठिपके, कधीकाळी चिकटवलेल्या लिनोलियमचा गोंद. लादी स्वतः फारशी मळलेलीच नव्हती, मळला होता तो थर. ठिपके लाकडी पट्टीने खरवडले, लोखंडी पात्याने नाही. मग सौम्य साबण, मऊ ब्रश, पिळलेलं फडकं. बादल्या ओतणं बंद. स्वयंपाकघराजवळ तेल मुरलं होतं, तिथे खडूच्या भुकटीचा लगदा थापून वाळू दिला, की तेल त्यात ओढलं जातं. एकदा थापून भागत नाही. हळदीच्या डागाला काहीच केलं नाही, फक्त तिथल्या खिडकीचा पडदा काढला. हळदीचा रंग उन्हात आपोआप विटतो. सिलिंडरच्या बुडाचं गंजाचं वर्तुळ मात्र आहे तसंच ठेवा, असं मी सांगितलं. ते काढणारी औषधं लादीचा रंगही नेतात. शिवाय त्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं सिलिंडर होता, हे लपवण्यासारखं आहे तरी काय?

दारातल्या तीन लाद्या फुटल्या होत्या. तशाच नव्या करून मिळतात, पण नव्या ताज्या रंगाच्या लाद्या जुन्यांत बसवल्या की ठिगळ लावल्यासारख्या दिसतात. म्हणून पलंगाखालच्या जुन्या लाद्या काढून दारात आणल्या आणि नव्या पलंगाखाली गेल्या. जुन्या अखंड निघाल्या, कारण खाली चुना होता. चुना लादीपेक्षा मऊ, तो आधी सुटतो. गवंड्याला परत बसवताना तगडं सिमेंट वापरायचं होतं, ‘मजबूत होईल’ म्हणून. मजबूत झालं असतं खरंच, पण मग पुढच्या वेळी लादी फुटल्याशिवाय निघाली नसती. चुनाच वापरला.

सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर नक्षी फिकी झाली आहे. ताईच्या सुनेला ती खटकत होती, मला आवडली. यात निर्णय तिचा.

राहिला तो आग्नेय कोपरा. तिथे लाद्यांवर पांढरी पूड येते, पुसली की पुन्हा येते. हा लोणा. जमिनीतली ओल वर येताना क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं, क्षार लादीवर उरतात. दुकानदाराने चकचकीत सीलर सुचवला होता. तो लावला असता तर ओल खाली कोंडून वरची नक्षीच पापुद्र्यांनी सुटली असती. भिंतीच्या बाहेर जाऊन पाहिलं तर पावसाच्या पाण्याचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात, खालून तुटलेला, आणि सगळं पाणी पायाशी. पाइप बदलायला प्लंबर पुढच्या आठवड्यात येणार आहे. तोवर पूड कोरड्या ब्रशने झाडायची, आणि तिथे कपाट सरकवायचं नाही, एवढं ताईने कबूल केलं आहे.