खबर आधी पोहोचली तरच प्राण वाचतील

चेंगराचेंगरीत माणसे पायाखाली तुडवली गेल्यामुळेच दगावतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेकांचा श्वास कोंडतो. दाटीत छाती दबते, प्राणवायू मिळेनासा होतो आणि चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. म्हणूनच डॉक्टरांआधी खबर पोहोचणे महत्त्वाचे.

२७ ऑगस्ट २००३ हा दिवस नाशिककर विसरलेले नाहीत. शाही स्नानाच्या गर्दीत पंचवटीत ३० हून अधिक भाविकांचा बळी गेला. पुढे २०१५ च्या सिंहस्थात तात्पुरत्या दवाखान्यांतील रुग्णांच्या नोंदी टॅबवर घेऊन साथीच्या आजारांवर नजर ठेवण्याचा प्रयोग झाला. तीच रीत गर्दीलाही लावावी.

पोलिसांच्या कॅमेऱ्यात दाटी दिसताच अग्निशमन दल, १०८ रुग्णवाहिका आणि सिव्हिल हॉस्पिटल यांनाही ती त्याच क्षणी दिसली पाहिजे. कोणता रस्ता मोकळा, कुठे खाटा रिकाम्या, हे रुग्णवाहिकेच्या चालकाला निघतानाच कळले पाहिजे. महागड्या यंत्रांआधी एक साधे काम करावे. प्रत्येक घाटाला व गल्लीला ठळक क्रमांक द्यावा आणि तोच सर्व खात्यांच्या नकाशांवर असावा. मग परगावचा भाविकही फोनवर नेमके ठिकाण सांगू शकेल. २०२७ च्या सिंहस्थापूर्वी सर्व खात्यांनी एकत्र बसून याची रंगीत तालीम घ्यावी.

आणि वाचकहो, गर्दीत सापडलात तर हात छातीपुढे आडवे धरा, लोंढ्याला विरोध न करता तिरके सरकत कडेला या.