वाट कोणीं सोडावी?

दिवाळी सरली, ऊसतोडीच्या टोळ्या गांवोगांव उतरल्या, कीं आमच्या तीर्थपुरीच्या पंचक्रोशींतील रस्त्यांचें रूप पालटतें. एरवीं ज्या वाटेवर सकाळीं दहा-पंधरा सायकली, दुधाच्या किटल्या लटकावलेल्या दोन-चार मोटारसायकली आणि एखादी एस्. टी. एवढीच वर्दळ असते, तिच्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागते. मधूनच उसाची बैलगाडी. पैठणच्या नाथसागराचा डावा कालवा या मुलखास लाभला, ऊस वाढला, तीर्थपुरीस साखर कारखाना उभा राहिला. हें सर्व इष्टच झालें. आंतील गांवांचे रस्ते मात्र अरुंदच राहिले, आणि त्याच रस्त्यांनीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ मुलेंमुली शाळेंत येतात. या रस्त्यांवर वाट कोणीं सोडावी, एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

प्रथम रस्त्याचें माप पाहूं. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० सालच्या डिसेंबरांत सुरू झाली. तिच्यांत खेड्यास जोडणारा जो रस्ता होतो, त्याची डांबरी रुंदी सामान्यतः पावणेचार मीटर असते. रहदारी थोडी असेल तेथें तीनच मीटर. दोन्ही अंगांस मुरुमाची पट्टी असते, जिला सर्वजण साईडपट्टी म्हणतात. म्हणजे डांबर आहे तें एका वाहनापुरतें. समोरासमोर दोन मोठीं वाहनें आलीं, कीं कोणास तरी एका बाजूचीं चाकें पट्टीवर उतरवावींच लागतात.

मग उतरावें कोणीं? या प्रश्नाचें उत्तर रूढीनें केव्हांच देऊन ठेवलें आहे. ट्रकापुढें मोटार उतरते, मोटारीपुढें मोटारसायकल, मोटारसायकलीपुढें सायकल, आणि सायकलीपुढें डोक्यावर भारा घेऊन चाललेली म्हातारी. जो हलका तो उतरतो. हॉर्न वाजविणारास आपण कांहीं अन्याय करीत आहों असें वाटत नाहीं. नवल हें, कीं उतरणारासहि तसें वाटत नाहीं. आमच्या मतें ही रूढि उलटी आहे. अरुंद रस्त्यावर ज्याचें वाहन जड, त्यानें प्रथम वेग आंवरावा, आणि सायकलस्वारास डांबरावरून खालीं लोटण्याचा हक्क कोणासहि नसावा.

हें आम्ही केवळ दयेपोटीं म्हणत नाहीं. आपल्याकडील जमीन काळी. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते; तिच्यावर टाकलेला मुरूम दोन पावसांत वाहून जातो किंवा दबतो, आणि डांबराची कड चार बोटें, कोठें वीतभरहि, उंच राहते. मोटारीचीं दोन चाकें त्या कडेवरून सावकाश खालीं गेलीं तर आंत बसलेल्यास एक हिसका बसतो, इतकेंच. सायकलीचें तसें नाहीं. तिचें बारीक चाक एकदां खालीं गेलें, कीं परत चढतांना तें कडेस घांसत जातें, वळत नाहीं. स्वाराचा तोल जातो, आणि तो पडतो तो शेताकडे नव्हे, रस्त्याकडे. म्हणजे मागून येणाऱ्या चाकांकडे. ज्या दुचाकीस तोल हाच आधार, तिलाच आपण सर्वांत वाईट जमिनीवर धाडतों.

आणि यांत केवळ हातपाय मोडण्याची गोष्ट नाहीं. मानव विकास कार्यक्रमांतून खेड्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींस सायकली देण्यांत आल्या, त्या शाळा सुटूं नये म्हणून. एखाद्या वळणावर अशी एक मुलगी पडली, गुडघा फुटून घरीं आली, कीं त्या वस्तीवरील तीन-चार घरांतून एकच वाक्य ऐकूं येतें : "आतां पुरे झाली शाळा." भरधांव मोटारसायकल पुढें निघून गेलेली असते, तिच्या स्वारास आपण काय केलें याचा पत्ताहि नसतो.

सायकलच्या शेजारून जातांना किती अंतर ठेवावें? जर्मनींत २०२० सालापासून गांवांत दीड मीटर व गांवाबाहेर दोन मीटर, असा कायदाच आहे. आपल्या रस्त्यावर हा हिशेब मांडून पाहा. सायकल कडेपासून अर्धा मीटर सोडून चाललेली, तिच्या मुठींची रुंदी अर्ध्या मीटराहून थोडी अधिक, मध्यें दीड मीटर अंतर, आणि पुढें मोटार पावणेदोन मीटर. बेरीज सव्वाचार मीटरांच्याहि पुढें जाते, आणि रस्ता पावणेचार! म्हणून समोरून कांहीं येत असतांना सायकलीस ओलांडणें या रस्त्यावर शक्यच नाहीं. तें शक्य आहे असें जो समजतो, तो सायकलस्वाराच्या वांट्याची जागा आपल्या हिशेबांत धरीत असतो. अशा वेळीं मागें राहावें, समोरचें वाहन जाऊं द्यावें, मग उजवीकडचीं चाकें थोडीं पट्टीवर घेऊन सावकाश पुढें जावें. यास फार तर अर्धा मिनिट लागतो.

इंग्लंडांत २०२२ सालच्या जानेवारींत रस्त्याच्या नियमपुस्तकांत असें तत्त्व घातलें गेलें, कीं ज्याच्या हातून अधिक इजा होऊं शकते, त्याच्यावर जबाबदारीहि अधिक. आपल्याकडेहि ही कल्पना परकी नाहीं. घाटांत रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्या गाडीनें चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी, हा नियम आपल्या देशांत जुनाच आहे. ज्याला अधिक अवघड त्याला आधीं वाट, हाच त्याचा अर्थ. सपाटीवर आल्यावर आपण तो विसरतों.

यावर ट्रॅक्टरवाल्यांचें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे, व तें खोटें नाहीं. उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्यांचें ओझें मोठें असतें. तीं चाकें मऊ पट्टीवर गेलीं तर ट्रॉली कलंडते, आणि शेजारीं कोणी असेल तर तो उसाखालीं सांपडतो. म्हणून भरल्या ट्रॉलीनें डांबर सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. तिनें वेग सोडावा, एवढेंच म्हणतों. भरलेला ट्रॅक्टर बहुधा हळूच चालतो. खरी भीति आहे ती कारखान्यावर ऊस टाकून रिकाम्या ट्रॉल्या उडवीत परत फिरणाराची, कारण त्यास पुढील खेपेची घाई असते. त्यांतून ट्रॅक्टरावर मोठाले कर्णे लावून गाणीं वाजविण्याची हौस! मागील हॉर्न नाहीं, पुढील हांक नाहीं; मुलगा घसा फोडून ओरडला तरी ऐकूं जाणार नाहीं. गाण्यास आमची हरकत नाहीं. तें घरीं ऐकावें.

रात्रीं तर ट्रॉलीच्या मागें दिवाहि नसतो, आणि बाहेर डोंकावणारा ऊस अंधारांत मिसळून जातो. बैलगाडीचेंहि तेंच. लाल परावर्तक पट्टी कांहीं महाग वस्तु नाहीं. हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक ट्रॉलीस आणि बैलगाडीस ती लावल्यावांचून गाडी वजनकांट्यावर घेऊं नये, असें कारखान्यांनीं ठरविलें तर आठ दिवसांत काम होईल.

मोटारसायकलस्वारांस दोन शब्द अधिक सांगणें प्राप्त आहे, कारण मारणारांत व मरणारांत दोन्हींकडे तेच दिसतात. सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ साली भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं दर शंभरांतील चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरील होतीं, आणि दर शंभरांत सुमारें ६८ मृत्यु ग्रामीण भागांत झाले. रस्ता मोकळा दिसतो हीच खेड्यांतील मोठी फसवणूक. तासास साठ किलोमीटर वेगानें जाणारा स्वार एका सेकंदांत साडेसोळा मीटरांहून अधिक जातो. समोरून तितक्याच वेगाचा दुसरा आला, तर दोघांमधील अंतर सेकंदास तेहतीस मीटरांनीं तुटतें. ट्रॅक्टर वीसच्या वेगानें चालला आहे व आपण पन्नासच्या वेगानें त्याच्या दोन्ही ट्रॉल्या ओलांडणार, तर चार सेकंद लागतात, आणि तेवढ्यासाठीं पुढें सव्वाशे-दीडशे मीटर रस्ता रिकामा दिसावा लागतो. आमच्याकडील वळणांवर तो दिसत नाहीं. पुरुषभर उंचीहून वाढलेला ऊस रस्त्याच्या कडेपर्यंत उभा असतो, व वळण भिंतीआड गेल्यासारखें होतें. ज्या दिवशीं फड तुटतो त्या दिवशीं तेंच वळण एकाएकीं उघडें पडतें, आणि आजवर आपण येथून कसे जात होतों याचें आश्चर्य वाटतें!

विद्यार्थिमित्रहो, वाट मागणाराचेंहि कांहीं कर्तव्य असतेंच. गप्पा मारीत तिघां-तिघांनीं जोडीनें सायकली हांकूं नयेत. गाडीचा आवाज येतांच एकामागें एक व्हावें. सरळ रेषेंत चालवावी; मागून येणाऱ्यास तुम्ही पुढच्या क्षणीं कोठें असाल हें कळलें पाहिजे. वळण्यापूर्वीं मागें पाहावें व हात दाखवावा. सायकलीच्या मागें लाल चकती असावी, आणि हिंवाळ्यांत सकाळच्या शाळेस येतांना अंगावर पांढरें कांहीं असावें. कडेस अगदीं चिकटून चालवूं नये, अर्धा मीटर आंत असावें; मग सांवरण्यास जागा राहते. मात्र मागून लादलेली ट्रॉली येत असेल आणि पुढें पट्टी चांगली असेल, तर स्वतः थांबून, पाय टेंकून, तिला जाऊं देण्यांत कमीपणा नाहीं. लोटलें जाणें वेगळें, आणि आपण होऊन वाट देणें वेगळें. पायीं चालणारांनीं उजव्या कडेनें चालावें, म्हणजे येणारें वाहन समोरून दिसतें.

पालकांस आमची विनंति अधिक स्पष्ट आहे. दहावीच्या मुलास मोटारसायकल देऊन "शेतावर जाऊन ये" म्हणणें हें आतां कौतुकाचें राहिलें नाहीं. गियरची मोटारसायकल चालविण्यास अठरा वर्षें पूर्ण लागतात. २०१९ साली कायद्यांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. परंतु दंडाच्या भयापेक्षां एक साधी गोष्ट पाहावी. तो मुलगा ज्या सायकलीस कट मारून जातो, तिच्यावर बहुधा त्याचीच बहीण किंवा वर्गांतील मुलगी असते. आणि बाप डोक्यावर हेल्मेट न घालतां दोघांस मागें बसवून बाजारास जात असेल, तर मुलानें काय शिकावें?

अपघात झालाच तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणारास पोलिसांनीं नांव सांगण्यास भाग पाडूं नये, अशी तरतूद कायद्यांत आहे. तेव्हां "मागें झंझट लागेल" या भीतीनें कोणीं तोंड फिरवूं नये.

राहिला रस्ता. त्याच्या कडेची वेडी बाभूळ सायकलस्वारास मध्यें ढकलते, आणि खळें नाहीं म्हणून डांबरावर वाळत घातलेलें सोयाबीन अर्धा रस्ता खाऊन बसतें. बाभूळ तोडणें हें ग्रामपंचायतीचें एका दिवसाचें काम आहे; सोयाबीनची अडचण खरी आहे, तरी निदान वळणावर व उतारावर तें पसरूं नये. साईडपट्टीचा मुरूम मात्र पाऊस उघडल्यावर आणि दिवाळीच्या आधीं पडून दाबला गेला पाहिजे. पहिली ट्रॉली रस्त्यावर आली, कीं मग रोलर चालविण्यास रस्ता मोकळा मिळत नाहीं, आणि काम पुढच्या वर्षावर जातें. यंदाच्या ग्रामसभेंत हा एक विषय पालकांनीं मांडावा, आणि मांडतांना आपल्या वाडीपासून शाळेपर्यंत कड कोठें कोठें उंच राहिली आहे, त्याची यादी सायकलीनें येणाऱ्या मुलांकडूनच लिहवून घ्यावी. तीं ठिकाणें त्यांना पाठ असतात.